निवात म्हणजे निर्वात नव्हे : सूतिकागार, शेगडी आणि हिवाळ्यातील ऊब

हेमंत आणि शिशिर हे दोन ऋतू देहबलाचे व प्रदीप्त अग्नीचे मानले आहेत. स्निग्ध आहार, अभ्यंग, व्यायाम, आतपसेवन आणि उबदार निवास ही या काळाची ऋतुचर्या आपण सारे वैद्य रुग्णांस आवर्जून सांगतो. परंतु यातील ‘उबदार निवास’ या एका सूचनेचा अर्थ आजच्या घरांत काय होतो, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवा, वारा लागू देऊ नका, असे आपण किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. घरचे लोक दारे-खिडक्या लावतात, फटींत कापड कोंबतात आणि निखाऱ्याची शेगडी खाटेखाली सरकवून निश्चिंत झोपतात. या निश्चिंतीत जीवघेणा धोका आहे. तो कसा निर्माण होतो, आपले ग्रंथ या विषयात नेमके काय सांगतात, आणि वैद्य व औषधी दुकानदार या नात्याने आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्या भागात घर तापते कोठे ?

आमचे मोडनिंब हे माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. येथील थंडी हिमालयातील थंडीसारखी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुधा १० ते १७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो आणि ऊन वर आले की अंगावरचे पांघरूण नकोसे होते. धडधाकट माणसाला या थंडीत घर तापविण्याची गरज पडत नाही. म्हणून ‘घर तापविणे’ हा विषय आपल्याकडे कोणी गांभीर्याने घेत नाही. प्रत्यक्षात मात्र चार ठिकाणी बंद जागेत अग्नी येतो. पहिले, बाळंतिणीची खोली. दुसरे, संधिवात किंवा श्वास असलेल्या वृद्धाची खोली. तिसरे, गॅस गिझर बसविलेले न्हाणीघर. आणि चौथे, गळीत हंगामात उसाच्या फडाजवळ उभी राहणारी ऊसतोड कामगारांची कोपी. बीड व आसपासच्या भागांतून आलेली ही कुटुंबे ऐन थंडीचे महिने पाचट-बांबूच्या किंवा ताडपत्रीच्या निवाऱ्यात काढतात. त्यांत गर्भिणी असतात, ओल्या बाळंतिणी असतात आणि तान्ही मुलेही असतात.

या चारही ठिकाणी असणाऱ्या व्यक्ती आपल्याच रुग्ण आहेत. त्यामुळे हा विषय केवळ अग्निशामक दलाचा किंवा गॅस वितरकाचा आहे, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

निर्धूम निखारा निर्विष नसतो

धूर गेला, निखारे लालबुंद झाले की शेगडी आत नेण्यास हरकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, म्हणजे हवा शुद्ध आहे असे घरच्यांस वाटते. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे.

कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. भरपूर हवा मिळाली की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. शेगडीत मात्र निखाऱ्यांचा थर असतो. तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर जाताना तप्त कोळशातून जातो, तेथे पुन्हा कार्बनशी संयोग पावतो आणि त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. पेटत्या शेगडीवर कधीकधी दिसणारी निळसर ज्वाला ही या वायूच्याच ज्वलनाची असते. निखारे मंदावले, ज्वाला नाहीशी झाली, की तोच वायू न जळता खोलीत पसरतो. म्हणजे शेगडी जेव्हा सर्वांत शांत व सुखकर दिसते, तेव्हाही ती विष सोडीत असते. राखेखाली झाकलेले निखारे रात्रभर हेच करतात.

हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. त्याने घसा खवखवत नाही. त्याचे वजन हवेपेक्षा किंचित कमी, जवळजवळ हवेइतकेच असल्याने तो जमिनीलगत साचत नाही किंवा केवळ आढ्याशीही जमत नाही. तो सगळ्या खोलीत मिसळतो. खाटेवर निजले काय आणि जमिनीवर निजले काय, फरक पडत नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास दाखवून दिले की, हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ २०० पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प असले तरी रक्तात तो साठत जातो. गर्भाचे हिमोग्लोबिन तर त्यास अधिकच घट्ट धरून ठेवते. म्हणून गर्भिणीला साधी डोकेदुखी असताना गर्भ संकटात असू शकतो.

एक सोपा हिशेब

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक गणित मांडतो. १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. तीत केवळ १०० ग्रॅम कोळसा जळाला आणि त्यातील फक्त दहावा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडमध्ये गेला, असे धरू. कोळसा हा निव्वळ कार्बन मानल्यास या १० ग्रॅमपासून सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे साधारण २० लिटर वायू तयार होतो. खोली बंद असेल तर हवेत त्याचे प्रमाण दशलक्षांत ७०० च्या घरात जाते. दशलक्षांत २०० इतक्या प्रमाणात दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० च्या आसपास पाऊण तासात भोवळ व मळमळ येते आणि दोन तासांत शुद्ध हरपू शकते. आणि बाळंतिणीच्या शेगडीत १०० ग्रॅम नव्हे, त्याच्या कितीतरी पट कोळसा असतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. १०० ग्रॅम कोळशाला सुमारे पाव किलो ऑक्सिजन लागतो. त्या खोलीत तो जवळजवळ आठ किलो असतो. म्हणजे ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून फार तर २०.३ टक्क्यांवर येईल. दिवा विझण्यास तो १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. ‘समई तेवत आहे म्हणजे हवा चांगली आहे’ ही जुनी परीक्षा अडगळीच्या विहिरीत किंवा पेवात उतरताना उपयोगी पडत असेल, पण शेगडीच्या खोलीत ती फसवी ठरते. दिवा तेवत राहतो आणि माणूस विझतो.

ग्रंथ काय सांगतात ?

शेगडीचा आग्रह धरणारे ग्रंथांचा आधार देतात. म्हणून ग्रंथ नीट पाहणे आवश्यक आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात सूतिकागारात तिंदुकाच्या काष्ठाचा अग्नी नित्य ठेवण्यास सांगितले आहे, हे खरे. (तिंदुक म्हणजे टेंभुर्णी, आमच्या शेजारच्या गावाच्या नावात हा वृक्ष आजही ऐकू येतो.) परंतु त्याच अध्यायात पुढे कुमारागाराचे, म्हणजे बालकाच्या खोलीचे वर्णन येते. ती खोली अंधारी नसावी, ‘निवात’ असावी आणि त्याचबरोबर ‘प्रवातैकदेश’ असावी, असे तेथे म्हटले आहे. हे दोन शब्द लागोपाठ येतात, हे विसरता कामा नये. निवात म्हणजे जेथे वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही अशी जागा. प्रवातैकदेश म्हणजे जिच्या एका भागातून हवा खेळती राहते अशी जागा. आचार्यांना वाऱ्याच्या झोतापासून संरक्षण हवे होते. हवा कोंडणे त्यांना अभिप्रेत नव्हते. आपल्या परंपरेने पहिला शब्द घट्ट धरला आणि दुसरा सोडून दिला. निवात हा शब्द व्यवहारात निर्वात झाला, सारी विपरीतता येथून सुरू होते.

सूत्रस्थानातील स्वेदाध्यायही याच दृष्टीने वाचावा. जेंताक स्वेदासाठी जे कूटागार बांधावयाचे, त्याला अनेक वातायने सांगितली आहेत. मध्यभागी सच्छिद्र व झाकणाचा अंगारकोष्ठ. त्यात खदिरादी काष्ठे पेटवावयाची. ती पूर्ण जळून धूर निघून गेल्यावर, केवळ उष्मा उरला म्हणजे रुग्णास आत न्यावयाचे. अश्मघन स्वेदात तर शिळा वातघ्न काष्ठांनी तापवून झाल्यावर सर्व अंगार दूर करण्याची स्पष्ट आज्ञा आहे. त्यानंतर शिळेवर उष्ण जल शिंपडून, वर आच्छादन घालून रुग्णास निजवावयाचे. अग्नी दूर करून उष्णता ठेवावयाची, हे तत्त्व येथे स्वच्छ दिसते.

याला अपवाद नाही असे नाही. कुटीस्वेदाची कुटी जाड भिंतींची, खिडक्या नसलेली आणि अंगारांनी भरलेल्या हसंतिकांनी वेढलेली अशी वर्णिली आहे. हा संदर्भ लपविण्याचे कारण नाही. पण तो विशिष्ट रुग्णासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, रुग्ण जागा असताना, सम्यक् स्विन्न लक्षणे दिसेपर्यंत करावयाचा उपक्रम आहे. तो रात्रभराच्या निद्रेचा विधी नव्हे. आजच्या सिमेंटच्या खोलीत त्याचे शब्दशः अनुकरण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांत मोलाची गोष्ट याच अध्यायाच्या उत्तरार्धात आहे. तेरा अग्निस्वेद सांगून झाल्यावर आचार्यांनी दहा अनग्निस्वेद सांगितले आहेत. त्यांत ‘उष्णसदन’, ‘गुरुप्रावरण’ आणि ‘आतप’ यांचा समावेश आहे. म्हणजे अग्नीवाचून उबदार असलेले घर, जाड पांघरूण आणि ऊन. अग्नीशिवाय घर उबदार ठेवणे ही आधुनिकांची सूचना नसून ती आपल्याच शास्त्रात गणलेली चिकित्सा आहे.

घर बदलले, शेगडी तीच राहिली

पूर्वी शेगडीने इतके अपघात का होत नव्हते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अपघात होतच नव्हते असे म्हणता येणार नाही. त्यांची कारणे ओळखली जात नव्हती. ‘बाळंतवात झाला’, ‘बाहेरचे काही झाले’, असे म्हणून विषय मिटत असे. तरीही घरांत फरक होता हे खरे. आमच्या भागातील माळवदाच्या घराला धुरासाठी झरोका असे, लाकडी दाराला फटी असत, कौलांतून हवा जाई. आता घरांवर सिमेंटचा स्लॅब आला, खिडक्यांना सरकती काच आली, दाराखाली फरशीला चिकटणारी पट्टी आली. घर टिकाऊ व स्वच्छ झाले ही आनंदाची गोष्ट. पण प्रवातैकदेश राहिला नाही, आणि शेगडी मात्र आजीच्या काळातील प्रमाणातच पेटत राहिली. कोपीची गोष्टही तशीच. पाचटाच्या कुडातून हवा येते. तेच थंडीसाठी चहूबाजूंनी ताडपत्री आवळली की ती बंद खोली होते. शिवाय तेथे आग लागण्याचे भय वेगळेच.

अशा घटना दूरदूरच्या मुलखांत सारख्याच रीतीने घडतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा, त्यांत चार मुले, एकाच खोलीत मृत्यू झाला. गॅसवरील हीटर चालू होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात एकाच कुटुंबातील चौघे शेगडी पेटवून निजले ते उठले नाहीत. थंडी, बंद खोली आणि निद्रा, हे तिन्ही एकत्र आले की परिणाम एकच होतो.

न्हाणीघरातील गॅस गिझर

आपल्याकडे घरोघरी पोचलेला हा नवा अग्नी. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवलीत न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे एका किशोरवयीन मुलीचा मृत्यू झाल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. एक किलो एलपीजी नीट जळण्यास सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ४ फूट रुंद, ६ फूट लांब व ८ फूट उंच न्हाणीघरात हवा जेमतेम साडेपाच घनमीटर असते. मध्यम आकाराचा गिझर पाऊण तासात अर्ध्या किलोहून अधिक गॅस जाळतो. दार-खिडकी बंद असता पंधरा मिनिटांच्या स्नानातच निम्म्या हवेचा ऑक्सिजन त्यास हवा असतो. हवा अपुरी पडली की ज्वाला निळी न राहता पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. वाफेत डोके जड होते, पाय लटपटतात, कडी काढण्याचेही बळ उरत नाही. ‘न्हाताना चक्कर आली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास रक्तदाब मोजण्याआधी गिझर कोठे बसविला आहे हे विचारावे.

उपाय साधा आहे. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तसे करणे होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नान करावे. या बाबतीत परसातला तांब्याचा बंब अधिक शहाणा होता. त्याचा अग्नी घराबाहेर असे आणि पाणी तेवढे आत येई.

रुग्ण समोर आल्यावर

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्निकर्मविधी अध्यायाच्या अखेरीस धूमोपहताची लक्षणे आली आहेत. श्वास, शिंका, कास, नेत्रदाह, नेत्रांची लाली, गंधज्ञान व रसज्ञान नष्ट होणे, तृष्णा, दाह, ज्वर आणि मूर्च्छा असा तो क्रम आहे. निखाऱ्याच्या रुग्णात यातील आरंभीची लक्षणे नसतात, कारण त्याला धूर लागलेलाच नसतो. त्याला शिरःशूल, हृल्लास, छर्दी, भ्रम, दौर्बल्य, तंद्रा आणि मग थेट मूर्च्छा येते. म्हणून ही अवस्था पित्तप्रकोप, अर्धशिशी, विषबाधा किंवा बाळंतिणीत सूतिकारोग समजली जाण्याचा संभव मोठा असतो.

आमच्या नोंदीतील एक उदाहरण उपयोगी पडेल. जानेवारीतील एका सकाळी प्रसूतीस नऊ दिवस झालेली स्त्री व तिची आई अशा दोघी डोकेदुखी व उलट्यांची तक्रार घेऊन आल्या. रात्रीचे अन्न बाधले, असा घरच्यांचा कयास होता. परंतु तेच अन्न जेवलेले, ओसरीवर निजलेले पुरुष ठणठणीत होते. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९८ दाखवीत होते. बाळ नेहमीपेक्षा सुस्त, अंगावर ओढत नव्हते. शेगडीविषयी विचारता, ती पहाटेपर्यंत खाटेखाली होती आणि खिडकीला गोधडी लावलेली होती, असे कळले. तिघांनाही ऑक्सिजन लावून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात पाठविले. तिघेही बरे होऊन परतले. त्या घरी शेगडी आता अंगणात पेटते.

या उदाहरणातील ऑक्सिमीटरची गोष्ट ध्यानी घ्यावी. २०२० नंतर हे उपकरण प्रत्येक दवाखान्यात व अनेक घरांत आले. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. त्यामुळे आकडा ९८ असला तरी रुग्ण गंभीर असू शकतो. खात्री रक्ताच्या विशेष तपासणीनेच होते. तसेच त्वचा गुलाबी-लाल होण्याचे लक्षण क्वचित व बहुधा उशिरा दिसते. त्याची वाट पाहू नये. हिवाळ्यात शिरःशूल व छर्दीच्या रुग्णास चार प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी : निजण्याच्या खोलीत निखारा किंवा न्हाणीघरात गॅस आहे काय ? एकाच वेळी घरातील आणखी कोणास त्रास झाला काय ? मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते काय ? आणि रात्री दारे-खिडक्या बंद होत्या काय ?

संशय येताच करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. रुग्णास प्रथम मोकळ्या हवेत आणावे. आणणाऱ्याने आत रेंगाळू नये. बेशुद्ध रुग्णास कुशीवर निजवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. सुश्रुतोक्त धूमोपहत चिकित्सेत घृत, इक्षुरस, द्राक्षा, दुग्ध, शर्करोदक यांनी वमन सांगितले आहे. ते शुद्ध हरपलेल्या रुग्णास कदापि देऊ नये, अन्यथा द्रव फुप्फुसात जाईल. चप्पल हुंगविणे, कांदा फोडणे यांत वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. उपलब्ध असल्यास पिशवीच्या मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजन द्यावा. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर हा काळ एक ते दीड तासावर येतो. येथे ऑक्सिजन हेच औषध आहे. कल्प, आसव, अरिष्टे यांचा विचार नंतर करावा. गर्भिणी, तान्हे मूल, हृद्रोगी आणि क्षणभरही शुद्ध गेलेला रुग्ण यांस तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णातही काही दिवसांनी वा आठवड्यांनी स्मृतिभ्रंश, चालण्यात अडखळणे, स्वभावात बदल असे विकार उद्भवू शकतात. म्हणून महिना-दीड महिना त्याच्यावर लक्ष ठेवावे.

ऊब द्यावी ती कशी ?

शेक बंद करा, असे सांगून भागणार नाही, आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. सूतिकेस ऊब हवी, नवजातास तर ती प्राणरक्षक आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीच्या खोलीचे तापमान २५ ते २८ अंश असावे असे सांगते. प्रश्न साधनाचा आहे. त्यासाठी आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. आतप : दिवसा दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील खिडकी उघडून ऊन आत घ्यावे, गाद्या-गोधड्या उन्हात तापवाव्यात आणि सूर्यास्तापूर्वी खिडकी ओढून घ्यावी. 

२. गुरुप्रावरण : बाळास टोपडे, मोजे व सुती कपड्यांचे थर असावेत, तोंड मात्र झाकू नये. आईच्या उघड्या छातीशी बाळास धरून वरून दोघांना पांघरूण घालणे ही नवजातासाठी उत्तम शेगडी होय. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बालकांसाठी रूढ केलेली ही पद्धत आज जगभर मान्य आहे. तिला कोळसा लागत नाही.

३. अश्मघनाच्या तत्त्वाने शेक : वीट, वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी, ओव्याची पोटली बाहेर तापवून, कापडात गुंडाळून आत आणावी. गरम पाण्याची पिशवी निजण्यापूर्वी अंथरुणात ठेवावी; बाळ ठेवताना ती काढावी. प्रत्येक वेळी आपल्या हाताच्या पाठीवर उष्णता पाहावी, कारण नवजाताची त्वचा पटकन भाजते.

४. शेगडीच हवी असेल तर : ती अंगणात पेटवावी, शेक घेणारी व्यक्ती जागी असावी, दार उघडे व समोरची खिडकी थोडी उघडी असावी, शेक पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. निखारे झाकून खोलीत ठेवू नयेत. उघड्या खिडकीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून निजण्याच्या वेळी खोलीत निखारा असताच कामा नये. या नियमास अपवाद ठेवू नये.

५. धुरी : ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, वेखंड यांची धुरी रिकाम्या खोलीत, थोडक्या निखाऱ्यावर, दार उघडे ठेवून दोन-तीन मिनिटे द्यावी. शेगडी बाहेर गेल्यावर व धूर विरल्यावर माता-बालकास आत न्यावे. नवजाताच्या कोवळ्या प्राणवह स्रोतसांत धूर कोंडणे हे रक्षण नव्हे.

६. विजेची साधने : विजेचा हीटर कार्बन मोनॉक्साइड सोडत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु तो अंथरूण, मच्छरदाणी व पडद्यापासून किमान तीन फूट दूर असावा, जाड पिनेच्या स्वतंत्र सॉकेटवर चालवावा, लांबलेल्या वायरीच्या जोडफळीवर नव्हे. खोली उबदार झाली की निजण्यापूर्वी बंद करावा. पाण्यात सोडण्याची कांडी चालू असताना बादलीत हात घालू नये. प्रथम बटण बंद करावे, पिन काढावी. घरात गळती-संरक्षक यंत्र बसविल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

औषधी दुकानदारांस विनंती

बाळंतकाढा, धुरीचे साहित्य, शेकाच्या पोटल्या, धूप यांची विक्री आपल्या दुकानांतून होते. रुग्ण वैद्याकडे एकदा येतो, पण ओवा-बाळंतशेपा नेण्यास घरातील कोणीतरी अनेकदा दुकानात येते. त्या वेळी पुडीबरोबर दिलेली एक चिठ्ठी मोठे काम करील. तिचा मजकूर असा असावा : ‘शेगडी अंगणात पेटवा. शेक जागेपणी, दार उघडे ठेवून घ्या. निजताना निखारा खोलीबाहेर न्या. रात्री वा सकाळी डोके दुखल्यास, मळमळल्यास सर्वांनी आधी मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा.’ एवढ्या चार ओळी छापण्यास खर्च नगण्य आहे. धुरीच्या पाकिटावर उत्पादकांनीही त्या छापाव्यात. गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात ज्यांची दुकाने वा दवाखाने आहेत, त्यांनी हीच चिठ्ठी मुकादमांमार्फत कोप्यांपर्यंत पोचवावी. वाचता न येणाऱ्यांस तोंडी सांगावे.

वैद्यबंधू-भगिनींनीही आपल्या औषधपत्रात बदल करावा. आपण मात्रा, काल व अनुपान लिहितो. शेक लिहिताना त्याचप्रमाणे तीन गोष्टी लिहाव्यात : किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली, आणि हवा जाण्यास वाट कोणती. ‘वारा लागू देऊ नये’ असे सांगताना ‘हवा कोंडू नये’ हे त्याच दमात सांगावे. गर्भिणीच्या नवव्या महिन्यातील तपासणीच्या वेळीच, तिची आई किंवा सासू सोबत असताना हा विषय काढल्यास तो अधिक रुजतो, असा आमचा अनुभव आहे. कारण शेगडी पेटविण्याचा निर्णय बहुधा त्यांचाच असतो, आणि तो मायेपोटीच घेतलेला असतो. त्या मायेचा अवमान न करता तिला योग्य रीत दाखविणे, हे आपले काम आहे.

आचार्यांनी बालकाच्या खोलीसाठी दोन शब्द दिले होते. ते दोन्ही शब्द पुन्हा एकत्र उच्चारले जावेत, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे. सुज्ञ वैद्यांस अधिक सांगणे नलगे.